शाळेतला क्रीडा शिक्षक की एका खेळाचा प्रशिक्षक?

पदवी झाली, विद्यापीठापर्यंत खेळून झालं, आता पोटापाण्याचं कामही मैदानावरचंच हवं. अशांपुढे दोन वाटा असतात. शिट्टी दोघांच्याही गळ्यात असते, काम मात्र फार वेगळं.

शाळेसाठी बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि प्रवेशासाठी सीईटीबरोबर मैदानी चाचणी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं आगाशे महाविद्यालय ही त्यातली जुनी नावं. प्रशिक्षकासाठी पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा असतो, एका वर्षाचा आणि एकाच खेळाचा. प्रवेश देताना त्या खेळातली तुमची कामगिरी बघतात.

पैशाचं स्पष्टच बोलू. अनुदानित हायस्कुलात आधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १८,००० मानधन, मग सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३८,६०० पासून मूळ वेतन. अडचण जागांची आहे. सहावी ते आठवीला आरटीई (शिक्षण हक्क) कायदा शारीरिक शिक्षणासाठी निदेशक मागतो तो पट शंभरावर असेल तर, आणि तोही अर्धवेळ. ‘बी.पी.एड. झालं की नोकरी पक्की’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. प्रशिक्षकाच्या सरकारी जागा त्याहून थोड्या, बऱ्याचशा कंत्राटी. खासगीत पुण्या-मुंबईत टेनिस, बॅडमिंटन, पोहणं शिकवणाऱ्याचं बरं चालतं. खो-खो, कबड्डीवाले सर मात्र अनेकदा फुकट शिकवतात, आणि हे मला मनापासून खटकतं.

आता रोजचं काम. शालेय स्पर्धांचा हंगाम आला की क्रीडा शिक्षकाची खरी धावपळ सुरू होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे संघ, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, बोनाफाईड, फोटो, ऑनलाइन प्रवेशिका. एक जन्मतारीख चुकली की खेळाडू बाहेर. मग एसटीची वेळ, डबे, मुलींबरोबर जायला एखाद्या बाई, मुलीला पाठवायला तयार नसलेल्या घरी दोनदा फोन. अमेरिकेतल्या हायस्कुलात या व्यवस्थेसाठी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर असतो. आपल्याकडे हे सगळं पी.टी.चे सरच बघतात. वर ऑफ तास आणि १५ ऑगस्टचं संचलन आहेच. पण खो-खोत खांबाशी वळताना वेग न तुटणारी सातवीतली मुलगी पहिल्यांदा दिसते तीही त्यांनाच.

प्रशिक्षक त्याच मुलीवर पुढची सात-आठ वर्षं घालवतो. पहाटे आणि संध्याकाळी मैदान, सुट्टीतही सराव, आणि ती मोठ्या अकादमीत गेली की हात रिकामे. शाळेचा आधार त्यालाही लागतोच. रमाकांत आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर सचिन घडवला, पण भरपूर सामने मिळावेत म्हणून त्याला शारदाश्रम शाळेत जायला सांगितलं. १९८८ ची विनोद कांबळीबरोबरची ६६४ धावांची भागीदारी हॅरिस शील्डमधली, म्हणजे शालेय स्पर्धेतलीच.

माझं मत: एखाद्या खेळात राष्ट्रीय पातळीची कामगिरी नसेल तर आधी बी.पी.एड. करा, नंतर उन्हाळ्यात एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. फक्त डिप्लोमावर शाळेतलं पद मिळत नाही. एक मात्र स्वतःशी तपासा. साठ मुलं मैदानावर आली की तुमची नजर फक्त दोन वेगवान पोरांवर जात असेल आणि बाकीची अडगळ वाटत असतील, तर शाळेत जाऊ नका. त्या अठ्ठावन्न जणांना आठवड्यात मिळणारे खेळाचे तास तेवढेच असतात.