डिस्क ब्रेकच्या नादात चांगली चाकंही गेली

जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीला चिमटणारा ब्रेक, बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर आधी मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला फ्रेमवर कॅलिपरची (तबकडीला चिमटणाऱ्या भागाची) जागा आहे का ते बघा. दोन भोकांचा जाड कान तिथे मुळातच वेल्ड केलेला असतो. माझ्या सायकलीला तो नव्हता, आणि हे मला पैसे देऊन झाल्यावर कळलं.

सायकल २६ इंची, व्ही ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडीला (रिमला) दोन्ही बाजूंनी रबरी पॅड दाबणाऱ्या ब्रेकची. ब्रेक जरा कमी लागत होते, मागच्या चाकाला आउट होता, म्हणजे ते फिरताना डगमगत होतं. दुकानदार म्हणाला, "दादा, यात पैसे घालू नका. डिस्कची चाकं टाका. डबल वॉल रिम, सील्ड बेअरिंगचे हब, हायड्रॉलिक ब्रेक." म्हणजे दोन थरांची रिम, चाकाच्या मधल्या भागात (हबमध्ये) बंद बेअरिंग आणि तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक. मी हो म्हणालो. पावतीवर लिहिलं फक्त 'चाकं-ब्रेक सेट'. जुनी चाकं मागितली, तर भंगारात गेली म्हणे.

चौथ्या दिवशी उतारावर मागचा ब्रेक दाबला आणि कट्कन आवाज झाला. चाक जाम. घसरत कडेला पडलो, कोपर सोललं. उठून बघतो तर कॅलिपर एका पट्टीवर, आणि ती पट्टी फ्रेमच्या नळीला नुसती आवळलेली! ब्रेक दाबला की फिरती डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर ओढते. तो सगळा जोर त्या पट्टीवर येऊन ती सरकली होती. नळीचा रंग बोटभर खरवडून आतला धातू दिसत होता.

मग सगळंच उघडून पाहिलं. रिमटेप (ट्यूबखालची पट्टी) उचलली तर निपलची, म्हणजे तारा आवळणाऱ्या बारीक नटांची, डोकी थेट बोटाला लागली. डबल वॉल रिममध्ये ती भोकात खोल असतात, म्हणजे ही तशी नव्हतीच. हबमध्ये सुटे छर्रे. कॅलिपरला तेलाची नळी नाही, स्क्रूखाली दाबलेली साधी वायर.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. व्ही ब्रेक परत लावावेत म्हटलं, तर या रिमला पॅड घासायला कडेचा सपाट पट्टाच नाही, ती फक्त डिस्कसाठीची. जुनी चाकं हातात असती तर आउट काढून, नवे पॅड आणि केबल टाकून काम झालं असतं. मुळात गरज तेवढ्याचीच होती.

दुकानदाराने "तुम्हीच हो म्हणालात" म्हणून हात झटकले. पावतीत काहीच नसल्याने मला पुढे बोलता आलं नाही. म्हणून प्रत्येक भाग नावानिशी लिहून घ्या, आणि काढलेले जुने भाग त्याच दिवशी घरी आणा. व्ही ब्रेक ठेवून २७.५ इंची चाकं टाका असं सुचवलं, तर टायरवरचा आकडा वाचा: २६ इंचीवर ५५९, २७.५ इंचीवर ५८४. व्यासात २५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे पॅड रिमपासून साडेबारा मिलिमीटर चुकतात.