मस्टँगच्या व्ही-सिक्सला डबल एक्झॉस्ट : अकरा महिने, चौदा हजार मैल

आधीच सांगून टाकतो, व्ही-सिक्सला, म्हणजे सहा सिलिंडरवाल्या गाडीला, धुराची दोन नळकांडी लावली म्हणून तिची आठ सिलिंडरवाली व्ही-एट होत नाही. आवाज बदलतो, चांगला बदलतो, पण तो सहाचाच राहतो. सिग्नलला शेजारच्या जीटीवाल्याने (जीटी म्हणजे व्ही-एटवाली मस्टँग) चमकून वळून बघावं अशी हौस असेल, तर पैसे साठवा आणि जीटीच घ्या.

माझी गाडी २००७ची फोर्ड मस्टँग, ४.० लिटर, २१० हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक. डेट्रॉईटच्या पश्चिमेला नोव्हीत राहतो आणि आठवड्यातून तीन दिवस आय-९६ने लॅन्सिंगला जातो. गाडी जन्मली ती इथून जवळच, फ्लॅट रॉकच्या कारखान्यात. इंजिन मात्र जर्मनीतल्या कोलोनचं. कंपनीकडून येताना या व्ही-सिक्सचे दोन्ही बाजूंचे पाइप कॅटलिटिक कन्व्हर्टरनंतर (धूर स्वच्छ करणारा डबा) एकत्र येतात आणि डाव्या कोपऱ्यातल्या एकाच मफलरमधून, म्हणजे सायलेन्सरमधून, बाहेर पडतात. मागून बघितलं की गाडीला एकच पाय असल्यासारखं वाटायचं. खरं कारण विचाराल तर हेच. बाकीची कारणं मी बायकोला सांगण्यासाठी तयार केली होती.

गेल्या एप्रिलमध्ये मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकस्टँडवर चढवली. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांना हात लावायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलं होतं. त्यांच्या मागे कंपनीचा पाइप कापला, तिथून पुढे दोन स्वतंत्र पाइप, मध्ये एच-पाइप म्हणजे दोघांना जोडणारी आडवी नळी, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक मफलर. चेक इंजिनचा दिवा आजतागायत लागलेला नाही. कापायला दहा मिनिटं लागली, जुना गंजलेला क्लॅम्प काढायला दोन तास. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीखालचा प्रत्येक बोल्ट म्हणजे एक नवस असतो. आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आमच्यासारखं चुकू नका.

व्ही-सिक्सच्या बंपरला नळीसाठी खाच फक्त डावीकडे असते. उजवीकडची मी स्वतः कापली. डाव्या खाचेवर वर्तमानपत्राचा कागद धरून कडेने पेन्सिल फिरवली, कागद उलटा केला, उजवीकडे चिकटवला आणि बारीक पात्याने हळूहळू कापत गेलो. हात थरथरत होता. आज कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, एवढं कौतुक मी स्वतःचं करून घेतो.

आता आवाज. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-४-२-५-३-६. उजव्या बाजूला १, २, ३ आणि डावीकडे ४, ५, ६. म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे, बरोबर आळीपाळीने. प्रत्येक पाइपमध्ये इंजिनाच्या फिरण्यातल्या दर २४० अंशांनी एक ठोका पडतो, अगदी घड्याळासारखा. अमेरिकन व्ही-एटमध्ये एकेका बाजूचे ठोके विषम अंतराने पडतात, दोन जवळ तर पुढचा लांब. तिची ती गडगड त्या अडखळण्यातून येते. आपल्या सहामध्ये अडखळणं नाहीच, तर गडगड कुठून येणार? दोन्ही पाइप पूर्ण वेगळे ठेवले तर दोन तीन-सिलिंडर गाड्या शेजारी चालल्यासारखं वाटतं. एच-पाइपमुळे ते बरंच मुरतं. सकाळी थंड इंजिनाची गुरगुर मला अजून आवडते. चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर मात्र पत्र्याचा सूर लागतो, तो एच-पाइपनेही गेला नाही.

ताकदीबद्दल लोक बरंच बोलतात. मला फरक जाणवला नाही, मायलेजही तेवढंच. सव्वादोन इंची दोन पाइप मिळून तीन इंची एका पाइपपेक्षा मोठे होतात. २१० घोड्यांना एवढा रुंद रस्ता लागतच नाही. उलट दुसऱ्या मफलरचं आणि पाइपचं वजन वाढलं.

जूनमध्ये आई-बाबा आले. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गाडी सुरू केली, ते चहाचा कप घेऊन मागे उभे.

"काय रे, सायलेन्सर फुंकतोय तुझा."

"बाबा, नवीन आहे. आवाज असाच असतो."

"असू दे नवीन. ती टिकटिक ऐक. गरम झाली की बंद होईल बघ."

पाच मिनिटांत टिकटिक खरंच बंद झाली. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते, म्हणून. इंजिन गार झाल्यावर त्यांनी दोन जाड फडकी भिजवून आणायला लावली. एक नळी त्यांनी दाबली, एक मी, आणि आत बसलेल्या बायकोने गाडी सुरू केली. इंजिन गुदमरलं आणि गाडीखालून फुस्स आवाज आला. इंजिन बंद करून खाली शिरलो तर उजव्या पाइपच्या क्लॅम्पजवळ काजळीचा बोटभर काळा पट्टा. पाइप एकमेकांत जेमतेम इंचभर गेला होता. दोन इंच तरी जायला हवा. सैल करून आत सरकवला, पुन्हा आवळला, टिकटिक संपली. दोन महिने मी त्या आवाजाला "कॅरेक्टर" म्हणत होतो.

खरं दुखणं हायवेवरचं. ७० मैलांच्या वेगाला टॅकोमीटर २१०० दाखवतो, आणि नेमक्या तिथेच गाडीत घूंऽऽ असा आवाज भरतो. कानात नाही, छातीत. हिशेब सोपा आहे: २१०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३५ फेरे, दर फेरीला तीन ठोके, म्हणजे १०५ हर्ट्झ. नव्या पाइपांच्या किटमध्ये आलेले मफलर सरळ आरपार जाळीचे होते. ते वरचा कर्कशपणा शोषतात, एवढा खालचा सूर त्यांना दाबता येत नाही. लॅन्सिंगला पोचेपर्यंत डोकं जड. आई एकदा मागे बसली आणि परतताना म्हणाली, "मी बसने येते." इथे बस कुठली!

उपाय म्हणून बंद तोंडाची आडनळी जोडतात. ती त्या सुराच्या लांबीच्या एक चतुर्थांश असावी लागते. गरम वायूत ध्वनीचा वेग जास्त असल्याने ती जवळपास एक मीटर येते. दोन्ही बाजूंना मीटरभर नळी ठेवायला खाली जागा सापडेना. शेवटी ऑगस्टमध्ये एका जीटीवाल्याने काढून ठेवलेले कंपनीचे मफलर ८० डॉलरला घेतले. घूं पूर्ण गेली नाही, पण आता गाणं ऐकू येतं आणि फोनवर बोलता येतं. जीटीवाले हे मफलर काढून टाकतात आणि गॅरेजमध्ये ठेवून विसरतात, त्यामुळे शोधलं तर मिळतात. मी आधीच हे घ्यायला हवे होते.

हिवाळ्यात आणखी एक प्रकार कळला. एक गॅलन पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. एका पाइपची उष्णता आता दोघांत वाटली जाते, त्यामुळे जवळच्या फेऱ्यांत मागचा भाग तापतच नाही आणि पाणी मफलरमध्येच साचतं. जानेवारीत ड्राइव्हवेवर दोन्ही नळ्यांखाली बर्फाच्या दोन गोल चकत्या दिसायच्या. मुलगी त्यांना गाडीची शी म्हणते.

दोनशे डॉलर वाचवायला मी स्टेनलेसऐवजी अॅल्युमिनाइज्ड, म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले, पाइप घेतले. वेल्डिंगच्या उष्णतेने वरचा मुलामा जळतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात प्रत्येक टाक्याभोवती तांबूस कडं आलं आहे. पुण्यात चाललं असतं, मिशिगनमध्ये नाही. बर्फ गेला की खाली झोपून रंग मारणार आहे.

किटचे मूळ मफलर तळघरात पडून आहेत. सत्तर डॉलरला द्यायला तयार आहे, पण घेणाऱ्याला आधी ७० मैलांच्या वेगाला काय होतं ते सांगेन.