केए-२२ की एमएच-०९? सीमाभागात जुनी मोटार घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी परिसरात जुनी मोटार शोधायला निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न मॉडेलचा नसतो, पासिंगचा, म्हणजे गाडीची नोंदणी कुठल्या आरटीओची याचा असतो. एकाच वयाच्या आणि जवळपास सारख्याच फिरलेल्या दोन गाड्या समोर येतात. एक केए-२२ किंवा केए-२३ पासिंगची, कोणाच्या तरी ओळखीतली. दुसरी कोल्हापूरकडची एमएच-०९, दिसायला उजवी आणि पंचवीस-तीस हजारांनी स्वस्त. आपली सोयरीक दोन्हीकडे आहे, बाजारहाट दोन्हीकडे आहे, त्यामुळे निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवर जाऊन गाडी आणण्यात कोणालाच परकेपणा वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती परराज्यातली गाडी असते, आणि हा फरक खिशाला कसा लागतो ते सौदा ठरवण्याआधीच समजून घ्यायला हवे.

स्थानिक पासिंगच्या गाडीचे कागद सोपे असतात. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, आरसी, विमा, पीयूसी, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, एवढे घेऊन आपल्याच आरटीओत काम होते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेतले म्हणजे गाडी नावावर झाली, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. आरसीवर नाव चढेपर्यंत कायदा जुन्या माणसालाच मालक धरतो आणि अपघात झाला तर दोन्ही घरे अडचणीत येतात.

एमएच पासिंगच्या गाडीचा रस्ता लांबचा आहे. आधी विकणाऱ्याने त्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, म्हणजे गाडी परराज्यात न्यायला ना-हरकत, काढायची, त्यासाठी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यायचा आणि थकलेले सगळे ई-चलान भरून टाकायचे. मग ती एनओसी घेऊन आपण इकडच्या आरटीओत नव्या नंबरसाठी अर्ज करायचा, गाडी तपासणीला न्यायची आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरायचा. हा कर आपण गाडी कितीला घेतली यावर ठरत नाही, तर गाडी नवी असतानाची किंमत आणि तिचे वय यांवर ठरतो. म्हणूनच स्वस्तात मिळालेल्या मोठ्या गाडीचा कर ऐकून माणूस चकित होतो. महाराष्ट्रात भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो. पण त्यासाठी नवी आरसी आणि जुनी कराची पावती दाखवून तिकडच्या आरटीओत अर्ज करावा लागतो, आणि ते पैसे कधी हातात पडतील याचा भरवसा धरून सौदा करू नये.

परराज्यातली गाडी बारा महिने बिनधास्त चालवता येते, असे पुष्कळ जण सांगतात. बारा महिन्यांची मुदत कायद्यात आहे हे खरे, पण ती दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घेण्याची मुदत आहे. गाडी विकत घेतलेल्या माणसाला मालकी बदलल्याचे तीस दिवसांत कळवण्यापासून तिने सूट मिळत नाही.

माझ्या मामेभावाने पाच वर्षांपूर्वी अशीच एक डिझेल गाडी घाटावरच्या एका एजंटाकडून आणली. पूर्ण रक्कम दिली आणि एनओसी आठवड्यात पोचते असे तोंडी आश्वासन घेतले. मूळ मालकाचे कर्ज फिटले होते, पण आरसीवरून बँकेचे नाव उतरवलेले नव्हते आणि तो मालक तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता. एनओसी हातात यायला सात महिने लागले आणि तेवढ्या काळात विमाही नावावर झाला नाही. तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो, की एमएच गाडीचा सौदा करताना इसार थोडाच द्या आणि मोठी रक्कम एनओसी हातात पडल्यावरच द्या. गाडी पाहिली त्याच दिवशी परिवहन खात्याच्या अॅपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि आरसीची मुदत पाहून घ्या. नंतर आपल्या आरटीओत त्या मॉडेलला किती कर बसेल ते विचारा आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवून मगच दोन गाड्यांची तुलना करा. पंचवीस हजारांचा फरक बहुतेक वेळा तिथेच संपतो.

तरीही एमएच गाडी घेणे शहाणपणाचे ठरते असे प्रसंग आहेत. गाडी पाच-सहा वर्षांचीच असेल, मालक पहिलाच आणि नात्यातला असेल, सर्व्हिसचे बुक भरलेले असेल आणि आपण ती आणखी आठ-दहा वर्षे वापरणार असाल, तर कराचा भार त्या वर्षांवर विभागला जातो. महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजकडे ज्यांचे घर आणि पत्ता आहे, त्यांचा तर प्रश्नच उरत नाही. याउलट बारा-तेरा वर्षांची गाडी सीमा ओलांडून आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. आधी कर, मग दोन वर्षांत पुन्हा नूतनीकरण, एवढा खर्च त्या वयाच्या गाडीला पेलत नाही.

पासिंगइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुराचे पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोल्हापूर-सांगलीतल्या आणि आपल्याकडच्या नदीकाठच्याही कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांतल्या काही धुऊनपुसून अजून बाजारात फिरत आहेत. मागच्या वर्षी एका शेजाऱ्यासाठी मी अशीच एक स्विफ्ट पाहिली. रंग चकचकीत, सीट कव्हर कोरे करकरीत, इंजिन पहिल्या सेल्फला चालू. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट सावकाश शेवटपर्यंत ओढला, तर रोज कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाचेत पिठासारखा मऊ गाळ हाताला लागला आणि सीटखालच्या पट्ट्या गंजाने खरखरीत झालेल्या होत्या. गाडीत पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले असेल तर वायरिंगच्या सॉकेटांत ओल शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर एकेक सेन्सर बंद पडू लागतो. तो दोष शोधण्यातच मेस्त्रीचे आणि आपले दिवस जातात. ती गाडी आम्ही सोडून दिली. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या जीए पासिंगच्या गाड्यांसाठीही एनओसी आणि कर हेच सगळे लागते, शिवाय खारी हवा पत्रा खाते. दाराच्या खालच्या कडा आणि चाकांवरचे मडगार्ड आतून चाचपून पाहावेत. खानापूर-जांबोटीच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या केए गाडीलाही हीच कसोटी लावावी.

आता पेट्रोल की डिझेल. सीमाभागात वॅगन-आर आणि स्विफ्ट डिझेल या दोनच नावांपाशी बहुतेकांची चर्चा येऊन थांबते, म्हणून त्यांचेच बोलू. २०१० नंतरच्या वॅगन-आरचे के-सीरिज इंजिन साधे आहे, त्याला टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी) आहे, आणि क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश ही कामे तालुक्याच्या गावातला कोणताही मेस्त्री त्याच दिवशी करून देतो. त्याआधीच्या गाडीला त्या साखळीऐवजी टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल, तर घेतल्याबरोबर बदलून टाकावा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी उसाचे शेवटी तेच होते. जुन्या गाडीत त्याने रबरी पाइप आणि सील कडक होऊ शकतात. इंधनाच्या पाइपांना भेगा आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे बॉनेट उघडून नीट पाहावे. पाइप बदलणे हे स्वस्त काम आहे.

स्विफ्टचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मुळात फियाटचे. टाटाच्या व्हिस्टातही ते असल्यामुळे त्याची ओळख नसलेला फिटर इकडे सापडणार नाही, आणि महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ते अजूनही परवडते. पण ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीची टायमिंग चेन सैल पडते आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला समोरून खडखड ऐकू येते. म्हणून गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी इंजिन गरम करून ठेवू नका, असे मालकाला बजावून ठेवावे. टर्बो आणि चारही इंजेक्टर एकदम काढावे लागले, तर त्या खर्चात बहुधा जुन्या वॅगन-आरचे अख्खे इंजिनकाम होते. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केले, त्यामुळे बाजारातली प्रत्येक स्विफ्ट डिझेल आज किमान तेवढी जुनी आहे. आठवड्यातून दोनदा बाजार आणि महिन्यातून एकदा नातेवाइकांकडे एवढाच वापर असलेल्या घराने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुरुस्तीच्या बाबतीत बेळगावकर भाग्यवान आहेत. उद्यमबागेच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या लेथ आणि बोअरिंगवर हात बसलेले कारागीर आहेत, त्यामुळे हेड प्लेन करणे किंवा क्रँक ग्राइंड करणे यासाठी पुण्याला धावावे लागत नाही. स्कॅनर लावून पाहायचा इलेक्ट्रॉनिक दोष असेल तर मात्र त्या कंपनीची सवय असलेल्या गॅरेजलाच जावे आणि आधी लेखी खर्च मागावा. सौद्याआधी आपला मेस्त्री बरोबर नेणे, त्याला दिवसाची मजुरी देणे आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे, यावर जे हजारभर रुपये जातील ते वाचवू नयेत.

मला स्वतःला आज निवडायचे झाले, तर मी केए-२२ ची, आठ-नऊ वर्षांची, दुसऱ्या मालकापर्यंतची पेट्रोल वॅगन-आर घेईन आणि तिच्यासाठी वीस-पंचवीस हजार जास्त मोजेन. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि ब्रेक शू बदलून घेईन, टायरवरची बनावटीची तारीख पाहून सहा वर्षांपलीकडचे टायर काढीन, आणि डेंटिंग-पेंटिंगचे काम पावसाळा उलटेपर्यंत ठेवीन.