बन्यामिनाचे मुलगे किती : दहा की पाच?

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ४६व्या अध्यायात याकोबाच्या धाकट्या मुलाला, बन्यामिनाला, दहा मुलगे आहेत. बायबलच्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पाचच. मजा म्हणजे उत्पत्तीतच दोन अध्याय आधी, ४४व्यात, याच बन्यामिनाला ‘लहान मुलगा’ म्हटलंय!

उत्पत्तीची यादी मिसरात गेलेल्या याकोबाच्या घराण्याची. तिला ७० माणसांचा आकडा जुळवायचा आहे, आणि बन्यामिनाची आई राहेल हिच्या वाट्याचे १४ या दहांशिवाय भरत नाहीत. गणनेची यादी म्हणजे शिरगणती. लढण्याजोगे पुरुष ४५,६००, आणि प्रत्येक नावामागे एक कूळ. जमीन पुढे याच हिशेबाने वाटायची होती.

खरी गंमत आर्द आणि नामान यांची. उत्पत्तीत ते बन्यामिनाचे मुलगे, गणनेत त्याच्या बेला या मुलाचे मुलगे, म्हणजे नातू. उत्पत्तीच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तर आर्द पणतू होतो. उत्पत्तीतला आणखी एक मुलगा, बेकेर, त्याहून वरचढ: गणनेत तो बन्यामिनाकडे नाहीच, त्याचा पुतण्या एफ्राइम याच्या मुलांत सापडतो. एखादं कूळ शेजारच्या वंशात मिसळलं की त्याचा मूळपुरुषही तिकडे जात असावा, असं मला वाटतं. उत्पत्तीतले एही आणि रोष गणनेत नाहीत. तिथे अहीराम आहे.

कुळं शोधायची तर मी गणनाच उघडेन.