मोबाइलवर मराठी मजकूर: स्टायलसने लिहावा की कळफलकावर?

मोबाइलवर किंवा टॅबवर मराठी मजकूर भरण्याचे चार मार्ग आज सर्रास वापरात आहेत. पडद्यावर स्टायलसने, म्हणजे पडद्यासाठीच्या लेखणीने, लिहायचे आणि यंत्राकडून त्याची छापील अक्षरे करून घ्यायची, हा पहिला. देवनागरी कळफलकावर एकेक कळ दाबणे, हा दुसरा. रोमन अक्षरांत शब्द टंकून त्याचे देवनागरी रूप निवडणे, हा तिसरा, आणि बोलून मजकूर उतरवून घेणे, हा चौथा. स्टायलसचा विचार मनात येतो तो बहुधा दोन प्रकारच्या लोकांच्या. आयुष्यभर कागदावर लिहिल्यामुळे ज्यांना कळफलक परका वाटतो ते एक, आणि ‘आहे’ लिहिण्यासाठी आधी रोमन अक्षरांची जुळवाजुळव करावी लागते हे ज्यांना पटत नाही ते दुसरे. स्टायलस असलेले उपकरण साध्या फोनपेक्षा महाग पडते, म्हणून खरेदीपूर्वीच हे मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला प्रश्न उपकरणाचा नाही, गरजेचा आहे: तुम्हाला हस्ताक्षराचे रूपांतर खरोखर हवे आहे का? सभेची टिपणे, वाचनाच्या नोंदी, रोजनिशी, शिकवणीतील गणिते हे सारे जसे लिहिले तसेच, शाईच्या रूपात, टिपणवहीच्या ॲपमध्ये राहू शकते. त्यासाठी अक्षरओळख अचूक असण्याची गरज नाही. पडदा चांगला आणि लेखणी चांगली एवढे पुरते. रूपांतर लागते ते मजकूर दुसऱ्याकडे जाणार असेल तेव्हा, म्हणजे निरोप, ई-मेल, अर्ज किंवा संपादकाकडे पाठवायचा लेख असेल तेव्हा, कारण तेथे युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणारी टंकलेली, अक्षरेच चालतात. अनेक जण हा भेद न करता उपकरण घेतात आणि ज्या टिपणांना रूपांतराची गरजच नव्हती त्यांतील चुका दुरुस्त करत बसतात.

रूपांतर हवेच असेल, तर ते कसे घडते हे थोडे समजून घेतल्यास पुढची तुलना सोपी होते. तुम्ही पडद्यावर लिहिता तेव्हा यंत्राकडे अक्षराचे चित्र जात नाही. लेखणीचे टोक कोठून कोठे गेले, केव्हा उचलले आणि केव्हा टेकले, याची बिंदूंची मालिका जाते. १९९३मध्ये आलेल्या ॲपलच्या न्यूटन या हातात धरायच्या उपकरणाने अशा रेघांवरून आख्खा इंग्रजी शब्द ओळखण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या चुकांची जगभर चर्चा झाली. १९९६च्या पाम कंपनीच्या पायलट या खिशात मावणाऱ्या उपकरणाने उलट वाट धरली. त्याच्या ग्राफिटी लिपीत बहुतेक अक्षरे एकाच रेघेत, ठरावीक वळणाने काढावी लागत. माणसाने यंत्रासाठी नवे वळण शिकायचे, हा तो करार होता आणि इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी तो लोकांनी आनंदाने पाळला. बाराखडी आणि शेकडो जोडाक्षरे असलेल्या लिपीला तो झेपला नसता. म्हणून मराठीला खरा उपयोग झाला तो उदाहरणांवरून वळणे शिकणाऱ्या नव्या पद्धतीचा. गूगलने २०१५मध्ये हस्तलेखनाचे स्वतंत्र ॲप काढले तेव्हा त्यात ८२ भाषा होत्या आणि मराठी त्यांत होती. पुढे ही सोय जीबोर्ड या कळफलकात आली. २०१९मध्ये नव्या चेताजाल-प्रारूपामुळे (न्यूरल नेटवर्कमुळे) अक्षरचुका आधीच्या तुलनेत २० ते ४० टक्के घटल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. ही ओळख फोनवरच होते, म्हणजे मजकूर त्यासाठी बाहेर पाठवावा लागत नाही, ही खासगी पत्रव्यवहार करणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

देवनागरीच्या अडचणी मात्र तिच्या स्वतःच्या आहेत. आपण शब्द आधी लिहितो आणि शिरोरेषा शेवटी देतो. मोडीत याच्या उलट रेघ आधी आखून अक्षरे तिच्याखाली सलग लिहीत जात. बालबोध वळणात शेवटी आलेली ती एक आडवी रेघ यंत्राला मागच्या सगळ्या अक्षरांना मिळून लावावी लागते. अनुस्वार, मात्रा आणि रफार हेही बरेच जण शब्द पूर्ण झाल्यावर परत मागे जाऊन देतात. रेघ न देताही शब्द पुष्कळदा ओळखला जातो, परंतु घ आणि ध, भ आणि म या जोड्यांतला फरक निम्मा त्या रेघेतील तुटीवरच अवलंबून असतो. ज्याला रेघ द्यायची नसेल त्याने ध आणि भ यांची गाठ ठसठशीत काढावी. एका वेळी एकच शब्द, मोठ्या आकारात, पुढचा शब्द लिहिण्याआधी किंचित थांबून लिहिल्यास निकाल लक्षणीय सुधारतो. भरभर लिहिणाऱ्याला हे थांबणे जाचक वाटते आणि वेगाचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

वेगाच्या बाबतीत स्टायलसकडून मोठी अपेक्षा ठेवू नये. कागदावरचा वेग ही त्याची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात ओळखलेला शब्द नजरेखालून घालणे आणि चुकला तर सुधारणे यांत आणखी वेळ जातो. देवनागरी कळफलकाची सवय झालेला माणूस फोनवरही याच्या पुढे जातो आणि बोलून लिहिणारा तर दोघांच्याही कितीतरी पुढे असतो. दोन-तीन ओळींच्या निरोपात हा फरक जाणवत नाही. हजार शब्दांच्या लेखात मात्र तो हाताला आणि मानेला जाणवतो, विशेषतः फोनच्या अरुंद चौकटीत लिहिताना, जेथे ‘महानगरपालिकेकडून’सारखा शब्द एका दमात मावत नाही.

मग स्टायलसची बाजू वरचढ कोठे ठरते? शुद्धलेखनात, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी, ल की ळ, न की ण, श की ष हे तुम्ही ठरवता. रोमनमधून लिहिताना हा निर्णय शब्दयादीकडे जातो. ‘दीर्घ’ आणि ‘दिर्घ’ यांतले कोणते रूप वर सुचवले जाईल ते वापरणाऱ्यांच्या सवयींवर ठरते, आणि घाईत असलेला माणूस पहिले रूप निवडून मोकळा होतो. मराठीतील अर्ध्या ‘ऱ’चे उदाहरण घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची असते आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाची मजुरी. रोमन अक्षरांत या जोड्या सारख्याच दिसतात, म्हणून सूचनांच्या पट्टीतून योग्य रूप हुडकावे लागते. हाताने लिहिताना रफार वर जातो आणि अर्धा ‘ऱ’ अक्षराच्या डाव्या बाजूला बसतो. दोन्हींचे वळणच वेगळे असल्याने गोंधळाला वाव कमी राहतो. वेलांटीचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो, आणि देवनागरी कळफलकावर तोच क्रम पाळावा लागतो. कागदावर वेलांटी आधी काढणाऱ्याला तो उलटा वाटतो. हाताने लिहिणाऱ्याला या अंतर्गत क्रमाशी काही देणेघेणे नसते.

तरीही हस्ताक्षर ओळखणारे यंत्र निव्वळ वळण पाहत नाही, भाषेत कोणते शब्द वारंवार येतात याचाही आधार घेते. त्यामुळे नेहमीचे शब्द वाईट अक्षरातही बरोबर उमटतात, परंतु आडनावे, लहान गावांची नावे, बोलीतील शब्द आणि जुन्या पत्रांतील रूपे यांना यंत्र परिचित शब्दाकडे ओढते. वंशावळ, स्थानिक इतिहास किंवा बोलींचे शब्दसंग्रह यांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्यासाठी कळेला कळ जोडणारा देवनागरी कळफलक अधिक विश्वासू आहे, कारण तुम्ही दाबलेले अक्षरच तो देतो.

अंकांच्या बाबतीत तर मी हस्तलेखन टाळायलाच सांगेन. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांचे वळण जवळजवळ सारखे आहे, आणि शब्दात मिळणारा संदर्भाचा आधार अंकांत नसतो. फोन क्रमांक, खाते क्रमांक, रक्कम आणि तारीख अंकांच्या कळांवरूनच भरावी.

देवनागरी कळफलकांत इनस्क्रिप्टची मांडणी सर्वांत सुसंगत आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आणि अल्पप्राण-महाप्राण एकाच कळेवर, अशी तिची रचना आहे. शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. संगणकावर ही मांडणी शिकलेल्याने फोनवर दुसरे काही पाहू नये. ज्याने ती कधीच शिकली नाही त्याला पहिले काही दिवस जड जातात, आणि फोनच्या पडद्यावर एवढ्या कळा बसवल्यामुळे त्या बारीक होतात. जाड बोटे किंवा मंद दृष्टी असलेल्यांना हे खरोखर त्रासाचे आहे. एक उपाय येथे सुचवतो: स्टायलस विकत घेतलाच असेल तर त्याच्या टोकाने या बारीक कळा दाबाव्यात. हस्तलेखनासाठी घेतलेली लेखणी कळफलकासाठीही तितकीच कामाची ठरते.

बोलून लिहिण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. गूगलने ऑगस्ट २०१७मध्ये ही सोय मराठीत आणली आणि शांत खोलीत, प्रमाण मराठीत बोलणाऱ्याला ती वेगात सर्वांवर मात करते. विरामचिन्हे मागाहून घालावी लागतात, ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा शब्दयादीच ठरवते, आणि बसमध्ये किंवा दवाखान्याच्या रांगेत खासगी मजकूर मोठ्याने बोलता येत नाही.

आता लेखणीकडे वळू. दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळणारा, रबरी टोकाचा स्टायलस कोणत्याही फोनवर चालतो, कारण पडद्याच्या दृष्टीने ते बोटच असते. त्याचे टोक जाड असल्याने रेघ नेमकी कोठे उमटेल ते दिसत नाही आणि अनुस्वार भलतीकडे पडतो. शिवाय तळहात टेकला तर तोही लेखणी समजला जाऊ शकतो. मराठीच्या वर-खाली चिन्हे लागणाऱ्या लिपीसाठी ही उणीव इंग्रजीपेक्षा अधिक बाधते. दुसऱ्या प्रकारात लेखणी आणि पडदा एकमेकांना ओळखतात. सॅमसंगने २०११मध्ये गॅलक्सी नोटसोबत आणलेला एस पेन वॅकॉम या कंपनीच्या तंत्रावर चालतो, आणि लिहिण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही. २०१५मध्ये आलेल्या ॲपल पेन्सिलला चार्ज करावे लागते, आणि ती आयपॅडवर चालते, आयफोनवर नाही. अशा लेखणीने लिहिताना हात निवांत टेकवता येतो, आणि अक्षर सुधारते ते मुख्यतः त्यामुळेच. ज्यांचा हात थरथरतो त्यांना मोठा टॅब आणि अशी लेखणी हीच जोडी मानवते; फोन त्यांनी घेऊ नये.

लेखणी उत्तम असली तरी मराठीची ओळख हा वेगळा मुद्दा आहे. आयपॅडवरची स्क्रिबल ही सोय २०२०मध्ये आली तेव्हा ती इंग्रजी आणि चिनीपुरती होती, आणि भाषांची भर त्यानंतर हळूहळू पडत गेली. त्यामुळे मराठीसाठी आयपॅड घेणाऱ्याने भाषांची यादी आधी उघडून पाहावी. अँड्रॉइडवर जीबोर्डच्या मराठी भाषेत हस्तलेखनाची मांडणी निवडता येते आणि ती बोटानेही वापरता येते. अँड्रॉइड १४पासून मजकुराच्या चौकटीतच थेट लेखणीने लिहिण्याची सोय झाली आहे, मात्र तेथे कोणती भाषा ओळखली जाईल हे कळफलकाच्या ॲपवर अवलंबून राहते.

दिवसाला चार-सहा निरोप आणि एखादे पत्र एवढेच लिहिणाऱ्या, अक्षर बऱ्यापैकी सुटे असलेल्या आणि शुद्धलेखनाविषयी आग्रही असलेल्या ज्येष्ठांना मी स्टायलस निःशंकपणे सुचवेन. रोज पाने भरणाऱ्या लेखकाने, पत्रकाराने किंवा कार्यालयीन कर्मचाऱ्याने महिनाभर कष्ट घेऊन इनस्क्रिप्ट शिकावी आणि टॅबला बाहेरचा कळफलक जोडावा. परदेशात वाढलेल्या, मराठी बोलता येणाऱ्या पण देवनागरीचा सराव सुटलेल्या तरुणांना रोमनचा मार्ग सोपा वाटेल. त्यांनी रोजचे संवाद त्याच मार्गाने करावेत, मात्र आजीला पाठवायची दोन वाक्ये हाताने लिहून पाहावीत, कारण वळण फारच चुकले तर शब्द उमटत नाही आणि त्यातून लिपीचा सराव आपोआप होतो.

खरेदीपूर्वी घरच्या फोनवर हस्तलेखनाची मांडणी सुरू करून आठवडाभर बोटाने लिहावे. त्याला पैसे लागत नाहीत. नंतर दुकानात जाऊन तेथल्या लेखणीने, उभ्याने नव्हे तर बसून, हे वाक्य लिहावे: ‘कऱ्हाडच्या आचाऱ्यांनी आचार्यांसाठी केळीच्या पानावर ज्ञानेश्वरांच्या समाधीजवळ गूळपोळी वाढली, असे ॲपवर दिसले.’ त्यात अर्धा ‘ऱ’, रफार, ळ, ज्ञ, ध, दोन्ही वेलांट्या आणि ॲ हे सारे आले आहे. त्यानंतर स्वतःचे आडनाव आणि गावाचे नाव लिहावे. वाक्यात एखाददुसरी चूक झाली तर हरकत नाही, पण आडनाव पुन्हा पुन्हा चुकत असेल तर ते कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून परत लिहावे, आणि तरीही जमत नसेल तर ते उपकरण घेऊ नये.