काळप्रवासाचं उन्हाळी शिबिर : पोट्टे खूश, फी वाजवी, पण सहलीचं नियोजन कच्चं

नागपुरात धंतोलीत माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. त्यामुळे हे शिबिर मी बाकीच्या आईबापांपेक्षा जरा जास्तच आतून पाहिलं. मुलगी तिथं जात होती, आणि शेवटी सगळ्या पोरांच्या गोष्टींचा अंक काढायचा ठरला तेव्हा कागदांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. बाकीच्यांनी आपापल्या लेकराचं चार पानं कौतुक केलं असेल, मी अख्खा गठ्ठा वाचलाय. दुपारी एक ते चार मे महिन्यात दुकानात कोण येतं?

आधी कामाचं. वय दहा ते चौदा, वेळ सकाळी आठ ते अकरा, मे महिन्यातले दोन आठवडे, फी बाराशे रुपये, वही त्यातच. एका जुन्या घराचा हॉल, खसाची ताटी लावलेला मोठा कूलर, प्यायला माठाचं पाणी. एक ताई आणि एक दादा शिकवतात, दोघंही पोरांवर ओरडत नाहीत. विषय एकच, काळप्रवासाच्या गोष्टी: आधी वाचायच्या, मग स्वतः लिहायच्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच दिवशी 'याचा स्कॉलरशिपला फायदा होईल का' असं एकानं विचारलं होतं. नाही होणार. तेवढ्यासाठी पाठवू नका.

आता शिबिराचा जीव कशात आहे ते सांगते. दादानं फळ्यावर तीन नियम लिहिले आणि ते शेवटपर्यंत पुसले नाहीत. भूतकाळात जाताना हत्यार, मोबाइल, औषध काही न्यायचं नाही. जे घडून गेलं ते बदलायचं नाही. आणि परत यायच्या आधी, कोणी सांगितलेलं नसताना, स्वतःहून एक तरी काम करायचं. पोरांनी गिल्ला केला. एक जण म्हणे, "बदलताच येत नाही तर जायचं काहून?" दादा म्हणाला, "तेच लिही."

मला हा नियम फार आवडला. आपल्या पोरांच्या डोक्यात काळप्रवासाचं धाडस म्हणजे मशीनगन घेऊन शिवाजी महाराजांच्या मदतीला जाणं. पहिल्या खेपेच्या कच्च्या गोष्टींत दोन रणगाडे, एक ड्रोन आणि एकाच पोट्ट्याचे तीन रोबो होते. त्यात धाडस कुठं आलं? ज्याच्याकडे रणगाडा आहे त्याला घाबरायचं कारणच काय?

म्हणून वाचायला निवडलेल्या गोष्टी नेमक्या होत्या. एच. जी. वेल्सची 'टाइम मशीन', १८९५ ची, दादानं ती पोरांना समजेल अशी सांगितली. त्यातल्या प्रवाशाला नावसुद्धा नाही. तो ८,०२,७०१ सालात पोचतो, तिथं त्याचं यंत्रच गायब होतं, आणि ते शोधायला तो अंधाऱ्या विहिरीसारख्या भोकातून खाली उतरतो. सोबत काय, तर काडेपेटी. मुलगी त्या दिवशी घरी येऊन जेवताना काड्याच मोजत होती. दुसरी आपल्या जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पडतात, जिथं १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. इथं पोरांनी दादाला बरोबर पकडलं: दुसरा नियम मोडला की! तर ते जग म्हणजे आपलाच इतिहास बदललेला नाही, वेगळ्या वाटेनं गेलेला इतिहास आहे, हे समजवता समजवता अर्धी सकाळ गेली म्हणतात. पण पोरांना त्यातलं आवडलं काय? पंत आझाद मैदानावर नको असलेलं भाषण ठोकायला उभे राहतात, लोक टमाटर आणि अंडी फेकतात, तरी बोलायचं थांबत नाहीत. हसून हसून लोळले सगळे. माझ्या मते दोन आठवड्यांत धाडसावरचा सगळ्यात चांगला धडा तोच होता आणि तो कोणी शिकवला नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गोष्टी नागपुरातच घडवायच्या होत्या. फळ्यावर साल दिले होते: १७०२, बख्त बुलंद शाहानं शहर वसवलं तेव्हाचं. १८१७, सीताबर्डीची लढाई. १८७७, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली ते साल, तारीख १ जानेवारी. आणि १९२३, झेंडा सत्याग्रह. एम्प्रेस मिलची गोष्ट बहुतेकांनी तिच्याच जागेवर उभ्या असलेल्या एम्प्रेस मॉलपासून सुरू केली, म्हणजे एस्केलेटरवर पाय ठेवला आणि खाली उतरलो तर कापड विणायचे साचेच साचे. युक्ती चांगली, पण पाच जणांना एकदमच कशी सुचली ते देवाला माहीत. बख्त बुलंदाकडे कोणी गेलंच नाही, याचं वाईट वाटलं. गोंड राजाचं शहर आपलं, आणि पोरांना त्याच्याबद्दल चार ओळींच्या वर काही माहीत नाही. यात शिबिराचा दोष कमी आणि आपलाच जास्त.

झेंडा सत्याग्रहावर मुलींनी छान लिहिलंय. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती आणि रोज नवी तुकडी जाऊन अटक करून घ्यायची, एवढंच त्यांना सांगितलेलं. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेल आले, हे ताईनं नंतर भरलं. एका मुलीच्या गोष्टीतली नायिका रांगेत उभी असते, तिच्या पुढची बाई विचारते, "तुला सुटून जायचं ठिकाण आहे, तू कशाला थांबतेस?" उत्तर लिहिलेलंच नाही, पुढच्या ओळीत थेट पोलीस येतात. आठवीतल्या पोरीला एवढं कळतं म्हणजे कमाल आहे बाप्पा.

पण गठ्ठ्यातली माझी आवडती गोष्ट अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका सहावीतल्या मुलाची. पेन्सिलीनं लिहिलेली, म्हणून आधी कॉपी फिकी आली. मशीनची डेन्सिटी, म्हणजे छपाईचा गडदपणा, वाढवली तर खोडलेली अक्षरंही उमटायला लागली. गोष्ट २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळची. टेकडीवर इंग्रज, खाली आप्पासाहेब भोसल्यांची फौज, रात्रभर गोळीबार. आपला हिरो मशकीतून, म्हणजे कातड्याच्या पिशवीतून, पाणी पोचवणाऱ्या भिश्त्याच्या पोराशी दोस्ती करतो. सकाळी भोसल्यांचे अरब सैनिक दोन टेकड्यांतली लहान टेकडी घेतात, खाली एकच जल्लोष, दोस्त नाचतोय. आणि या एकट्याला ठाऊक आहे की दुपारपर्यंत टेकडीही जाणार आणि लढाईही. इथं त्या पानावर कागद खोडून खोडून पातळ झाला होता. खालची पुसट ओळ कॉपीत वाचता येत होती: 'मी त्याला म्हणालो पळ.' तिच्यावर गडद अक्षरात: 'मी दुसरी मशक उचलली आणि त्याच्या मागं टेकडी चढू लागलो.' अकरा वर्षांच्या पोरानं आधी सुटका लिहिली, मग स्वतः खोडली. ती कॉपी मी डेन्सिटी कमी करून पुन्हा काढली, त्याची खाडाखोड त्याच्यापाशीच राहू दिली.

आता तक्रारी.

एक, सहल. सीताबर्डीचा किल्ला दाखवायचा म्हणून पोरांना भर मे महिन्यात, शिबिर सुटल्यावर म्हणजे अकराला, बाहेर काढलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी १५ ऑगस्ट, २६ जानेवारीसारख्या मोजक्या दिवशीच उघडतो. हे आधी विचारायला नको? फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून वर बघितलं आणि परतले. टोप्या सगळ्यांकडे नव्हत्या, दोघांची डोकी दुखली. पोरांना म्हणे त्यातही मजा आली, पण पोरांना कशातही मजा येते. झिरो माइलचा दगडी खांब तिथून जवळ आहे, सकाळी सातला नेलं असतं तर त्याच खर्चात बरं काही दाखवता आलं असतं.

दोन, भाषा. ताई पुण्याकडच्या आहेत, शुद्धलेखन चोख तपासतात, त्याबद्दल आभार. पण संवादसुद्धा तपासले. मुलानं १८१७ च्या पोट्ट्याच्या तोंडी 'काहून बे' घातलं होतं, त्याचं 'का रे मित्रा' झालं. भोसल्यांच्या फौजेतला भिश्ती 'का रे मित्रा' म्हणेल? अंकात मी मूळचं ठेवलं आणि ताईंना तसं सांगूनही टाकलं. त्या हसल्या, मानल्या.

तीन, एक गोष्ट टाइप होऊन आली, एकही चूक नाही, त्यात 'काळाच्या अथांग सागरात' वगैरे. लेखक पाचवीतला. आईबाबांनो, कृपा करून नका करू असं. त्या पोराची बोलून सांगितलेली गोष्ट दुकानात मी ऐकलीय, ती याच्या दसपट भारी होती, तिच्यात एक बकरी होती.

भविष्यात फक्त एकजण गेला. २१०० मध्ये, आज शहरातला नाला झालेल्या नाग नदीत पोहून आला, म्हणजे सगळ्यात अशक्य कोटीतली कल्पना त्याचीच.

पाठवावं का? वाचायची थोडीफार सवय असेल तर जरूर पाठवा. दहाच्या खालच्याला नको, १९२३ ची अटक वगैरे त्यांच्या डोक्यावरून जातं. टोपी आणि पाण्याची बाटली तुमची तुम्ही द्या. फी रोखच घेतात आणि पावती आपणहून देत नाहीत, मागून घ्या.