मार्चमध्ये पोरांना घेऊन स्कीइंग: गुलमर्ग की औली?

परीक्षा आटोपून निघायचं म्हणजे मार्चचा उत्तरार्ध उजाडतोच, आणि तिथेच उत्तराखंडातलं औली मागे पडतं. नंदादेवीचं दर्शन तिथलंच भारी, गर्दीही कमी. पण उतारांवरचा बर्फ मार्चमध्ये झपाट्याने विरळ होतो. शिवाय डेहराडूनहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठपर्यंत दिवसभराचा घाटरस्ता. गाडी लागणारी मुलं असतील तर बघा बुवा!

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. श्रीनगर विमानतळावरून दोनेक तासांत पोचता येतं. नवशिक्यांचे सौम्य उतार खालीच आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी गोंडोलाचं (म्हणजे केबल कारचं) तिकीट काढायची गरज नाही. गोंडोलाचा अफरवात डोंगरावरचा वरचा टप्पा तर शिकाऊंसाठी नाहीच. तिथे फक्त फोटो काढायला जा.

एक मात्र आहे. या दिवसांत रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो, दुपारी त्याचा चिखल होतो आणि स्की रुतते. मधले दोन-तीन तासच खरे शिकण्याचे. पडून पडून जीन्स ओलीचिंब होते. वॉटरप्रूफ पँट भाड्याने घ्याच, आणि बुटात पाय घातल्यावर टाच उचलली जात नाही ना, हे दुकानातच तपासा.

फेब्रुवारीत सुट्टी मिळत असेल, तर औलीचा विचार जरूर करा.